पार्श्वभूमी : पनवेल मोक्यावर आलं कसं?

पनवेलला घर बघायला गेलात की आधी नकाशा उघडला जातो. इथून एक्स्प्रेसवे, इथून गोव्याचा रस्ता, तो तिकडे विमानतळ. ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उगवलं. सुविधा नव्या आहेत, मोक्याची जागा मात्र जुनीच.

मुंबई बेट होती, तेव्हा पुण्याची वाट पाण्यातूनच सुरू व्हायची. भरतीच्या पाण्यावर पडाव, म्हणजे शिडाच्या होड्या, पनवेल बंदरापर्यंत यायचे आणि पुढे खंडाळ्याचा बोरघाट. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता खुला झाला. तोवर पालखी नाहीतर पाठीवर ओझं लादलेले बैल. आता चाकांची गाडी थेट देशावर जाऊ लागली. बैलगाडीच्या चाकांसाठी पनवेलचं नाव होतं, ते उगाच नाही. घाट म्हटला की चाकं मोडायचीच! नगरपालिकासुद्धा इथे 1852 मध्येच आली, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावण्याच्या एक वर्ष आधी.

आणि त्या आगगाडीनंच पनवेलचा घास हिरावला. ठाण्याजवळ खाडी अरुंद, म्हणून रूळ तिथे पलीकडे गेले आणि 1854 मध्ये कल्याणला पोचले. कल्याणहून एक फाटा थळघाटाकडे, म्हणजे कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे. 1863 मध्ये गाडी घाट चढली. पुण्याचा प्रवासी पडावात कशाला बसेल? पनवेल पुढची जवळजवळ शंभर वर्षं तालुक्याचं गाव म्हणून राहिलं.

दिवा-पनवेल रूळ पडले ते 1960च्या दशकात. पण खरा फरक पडला तो खाडीवर पूल आल्यावर. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, त्याच दशकात वाशीचा पूल वाहता झाला आणि पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना ठाण्याचा वळसा उरला नाही. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, तसे कळंबोली-पळस्पे भागात कंटेनर दिसू लागले. 1998 मध्ये लोकल पनवेलला आली, त्याच वर्षी कोकण रेल्वेही पूर्ण झाली. एक्स्प्रेसवे 2002 मध्ये पुरा झाला. 2024 मध्ये शिवडीहून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू आला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं.

इतके रस्ते एका ठिकाणी आणून सोडले की कोंडीही तिथेच होणार. गणपतीच्या आदल्या दिवशी, गोव्याचा रस्ता फुटतो त्या पळस्पे फाट्यावर अडकलेल्या चाकरमान्याला पनवेलच्या मोक्याबद्दल विचारून बघा.

आता पनवेल-कर्जत लोकलमार्गाचं काम हाती घेतलेलं आहे. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याची गाडी पनवेलला टाळून गेली, ती याच कर्जतवरून.