तांबं साठतं तेव्हा: विल्सन आजाराची पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या घरात ओट्यावरचा तांब्याचा हंडा आता माळ्यावर गेलाय. नातवाला विल्सन आजार निघाला, म्हणजे यकृतात आणि मेंदूत तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार, आणि आजींनी तो त्याच दिवशी वर ठेवायला लावला. त्याआधी वर्षभर मुलाचं अक्षर बिघडत होतं. नववीच्या वह्यांत ओळी खाली घसरायच्या, अक्षरं मुंगीएवढी व्हायची. मग चिडचिड सुरू झाली, कारण नसताना रडणं. ‘अभ्यासाचं टेन्शन’पासून ‘बाहेरचं काही’पर्यंत सगळं बोलून झालं. लिव्हर कुणाच्या डोक्यात येणार?

खुद्द विल्सन यांनाही हा आजार अर्धाच उलगडला होता. लंडनच्या या मेंदूतज्ज्ञांनी 1912 मध्ये थरथर, ताठरलेले स्नायू, अडखळतं बोलणं आणि मनोवस्थेतले बदल नोंदवले. शवविच्छेदनात यकृतही निबर झालेलं दिसलं. तरी आजार आनुवंशिक नाही, असंच त्यांचं मत. या आजाराची खूण असलेलं बुबुळाच्या कडेचं तपकिरी-हिरवट कडं नेत्रतज्ज्ञ कायसर यांनी 1902 मध्ये आणि फ्लायशर यांनी 1903 मध्ये टिपलं होतं. मेंदू आणि यकृत दोन्हींत तांबं साठलेलं असतं, हे कमिंग्ज यांनी दाखवलं ते थेट 1948 मध्ये.

जेवणातून येणारं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. त्यासाठी लागणारं एटीपी7बी हे जनुक 13व्या गुणसूत्रावर असतं. ते 1993 मध्ये सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. आईवडील दोघेही वाहक (एकच बिघडलेली प्रत असलेले, पण स्वतः आजारी नसलेले) असतील, तर प्रत्येक अपत्याला धोका 25 टक्के. नात्यातल्या लग्नांत अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. मुंबईच्या दारब दस्तूर, नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्येच भारतातल्या 16 कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

बहुतेक आनुवंशिक आजारांपेक्षा हा वेगळा, कारण यावर औषध आहे. पेनिसिलिन घेतलेल्या रुग्णांच्या लघवीत ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांना पेनिसिलामिन हे पेनिसिलिनपासून बनणारं द्रव्य आढळलं होतं. तांबं बांधून बाहेर काढायला त्यांनी 1956 मध्ये तेच वापरलं. पुढे झिंकही आलं. गोळ्या मात्र जन्मभराच्या. बरं वाटतंय म्हणून सोडल्या की यकृत कोलमडू शकतं.

आजींचा प्रश्न अजून तोच: “आमच्याच हंड्यातल्या पाण्यानं झालं का रे?” नाही, आजी. त्याच हंड्याचं पाणी घरातल्या सगळ्यांनी प्यायलंय. धाकट्या नातीची जनुकतपासणी झाली. ती नुसती वाहक निघाली. हंडा काही त्यांनी अजून खाली काढू दिलेला नाही.