शेनिन ब्लाँ : फ्रान्सचं द्राक्ष महाराष्ट्रात कसं रुजलं

कोल्हापुरात द्राक्ष म्हटलं की तासगाव. त्यामुळे पाव्हण्यांच्या फ्रीजमधून थंडगार व्हाइट वाइन निघाली की कुणीतरी विचारतंच, "ही तासगावच्या द्राक्षाची काय?" बहुतेक वेळा नसते. पांढऱ्या वाइनची आपल्याकडची एक मुख्य जात आहे शेनिन ब्लाँ, आणि ती मूळची फ्रान्सच्या लॉयर नदीच्या खोऱ्यातली.

तिथं वूव्रे, आँजू या भागांत ती शेकडो वर्षांपासून आहे. एकाच जातीची कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली), गोड आणि फेसाळ अशी तिन्ही प्रकारची वाइन तिथं होते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये डचांनी १६५९ मध्ये पहिली वाइन गाळली. पुढं तिथं 'स्टीन' नावाचं एक द्राक्ष घराघरांत पोचलं; ते म्हणजे शेनिनच, हे ओळखायला १९६५ साल उजाडलं! आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन तिथं आहे.

महाराष्ट्रात तिचं जमलं ते आंबटपणामुळं. उन्हात द्राक्षाची साखर चढते आणि आंबटपणा उतरतो, मग वाइन मिळमिळीत लागते. शेनिन उन्हातही आंबटपणा धरून ठेवते. आपल्याकडं वेल थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करावी लागते. काढणी जानेवारी ते मार्च. लॉयरमध्ये तेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरला.

मग तासगावचं द्राक्ष का चालत नाही? बागेत गेलं की कळतं. खायच्या द्राक्षाला जीएच्या (जिबरेलिक अॅसिड, मणी फुगवणारं संजीवक) द्रावणात बुडवतात, घडाची विरळणी करतात. मणी टपोरा, साल पातळ हवी. वाइनला उलट बारीक मणी, भरपूर चव लागते. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करून स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. पेरू-अननसाचा वास टिकतो तो त्या थंडाव्यामुळं.

नाशिकच्या सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली; पहिल्याच खेपेत शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ होत्या. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी फेसाळ वाइनचा घाट घातला होताच. २००१ मध्ये राज्य सरकारनं वाइन धोरण आणलं आणि त्यात नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरबरोबर पलूसलाही वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, आखलं. पलूस म्हणजे आपल्या शेजारचं सांगली जिल्ह्यातलं गाव. तरी नाव झालं ते नाशिकचंच. माझ्या मते कारण साधं आहे: आपल्या बाजूच्या बागायतदाराला बेदाण्याचा भरवसा होता. शेडमध्ये जाळीवर द्राक्ष पसरलं की पंधरा-वीस दिवसांत माल तयार, आणि विकायला सांगली-तासगावचे सौदे दारात.

तांबड्या रश्शाबरोबर कडक कोरडी शेनिन घेऊ नका, तिखट अजून चढतं. किंचित गोडसर शेनिन पांढऱ्या रश्शाबरोबर बरी जाते.