चौक आणि पार: बाजारात शिल्प कुठं बसवायचं?

'गावच्या जुन्या बाजार चौकात शिल्प बसवण्यात यावे' असा ठराव होतो, तेव्हा सभेत बसलेल्या अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर निंबाचा पार असतो. कंत्राटदाराच्या नकाशात मात्र फुली पडते रस्त्याच्या मधोमध. दोष कोणाचाच नाही. विदर्भातल्या जुन्या कसब्यांत मारुतीचं देऊळ, त्यापुढचा दगडी पार, गुजरीची, म्हणजे भाजीबाजाराची, तोंडं आणि चार दिशांचे रस्ते एकमेकांना चिकटूनच असतात आणि सगळ्याला मिळून 'चौक' म्हणायची रीत आहे. पण शिल्पाच्या दृष्टीनं या दोन जागा अगदी निराळ्या. चौक म्हणजे जिथं वाटा एकमेकींना छेदतात आणि माणूस पाय उचलतो. पार म्हणजे जिथं तो टेकतो.

चौकाच्या बाजूनं पहिला मुद्दा ठरलेला: 'चारही बाजूंनी दिसतं.' हे मोजून पाहावं. एखादी वस्तू अख्खी नजरेत मावायला, डोळ्याच्या पातळीच्या वर तिची जेवढी उंची असेल, त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर उभं राहावं लागतं. बारकावे पाहायचे तर उंचीएवढ्या अंतरावर. ६ फुटी चौथऱ्यावर १२ फुटी शिल्प म्हणजे १८ फूट. डोळ्याची पातळी ५ फूट धरली तर वर उरले १३, म्हणजे उभं राहायचं २६ फुटांवर. जुन्या बाजाराच्या चौकात चौथऱ्यापासून २६ फुटांवर एकतर ऑटो वळत असतो, नाहीतर किराणा दुकानाचं शटर असतं. दिसतं सगळ्यांना, पाहता कोणालाच येत नाही. पाराजवळ दीड फुटाच्या बैठकीवरचं ४ फुटी काम पाच-सात फुटांवरून नीट दिसतं आणि तिथं माणूस आधीच बसलेला असतो. म्हणून चौकातलं काम मोठं, ठळक, दुरून बाह्याकृतीवर ओळखू येणारं हवं आणि पाराजवळचं लहान, हात लावावासा वाटेल असं. चौकासाठी केलेलं शिल्प जागा मिळाली नाही म्हणून पाराशी आणून ठेवलं, की ते अंगावर आल्यासारखं वाटतं. उलट केलं तर ते मैलाच्या दगडासारखं हरवतं.

दुसरी गोष्ट पोळ्याची. वर्षातले ३६४ दिवस रिकामा वाटणारा चौक पिठोरी अमावास्येला बैलजोड्यांनी भरतो. तोरण बांधलं जातं, त्याखाली जोड्या ओळीनं उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात. पोळा आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या गावकडेच्या मोकळ्या जागेवर, न भरता चौकात भरत असेल, तर मध्यावरचा चौथरा तोरणाच्या आडवा येतोच. वरातीचा बँड, गणपतीची ट्रॉली आणि दंडारीचा, म्हणजे लोकनाट्याचा, मांडव यांचंही तेच.

कागदावर हे कळत नाही, म्हणून चुन्यानं आखून पाहा. चौथऱ्याच्या मापाचा गोल टाका आणि कडेनं वाळूच्या पोत्यांचा गुडघाभर थर लावा. पोत्यांना चमकणारी पट्टी बांधा, पोलीस ठाण्यात आणि नगर परिषदेत वा ग्रामपंचायतीत कळवा आणि चार आठवडे तसंच ठेवा. म्हणजे आठवडी बाजाराचे चार दिवस मिळतात. शक्यतो दिवाळीनंतर करा, कापसाच्या गाड्या तेव्हाच वाहतात आणि भरलेल्या ट्रॉलीचा कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. रोज संध्याकाळी पोती बघा. एकाच बाजूची पोती फाटत असतील तर तिथं ट्रॉलीचं मागचं चाक वळण कापतंय. ट्रॅक्टर सुटतो, पण ट्रॉलीचं चाक आतून जातं. चालक ट्रॅक्टरच्या अंदाजानं वळतो, म्हणून चौथरे मागच्या बाजूनं फुटतात. पोत्यांवर कोणी बसायला लागलं, भाजीची टोपली टेकवली, तर ती जागा थांब्याची आहे, नकाशात तिला काहीही म्हणा.

पायाचा प्रश्न दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळा. कापसाची काळी भारी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये इतकी आक्रसते की भेगेत हात जातो. तिच्यावर दोन फुटांचा काँक्रीटचा पाया घातला, तर दोन-तीन हंगामांत शिल्प कलू लागतं. मुरूम लागेपर्यंत खोदावं. तो फार खोल असेल तर खाली फुगा असलेले, म्हणजे अंडर-रीम्ड, पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) साधारण साडेतीन मीटरपर्यंत न्यावे लागतात. पायाभोवतीची काळी माती काढून मुरूम भरावा आणि पाणी बाहेर जाईल असा उतार द्यावा. चौकात आणखी एक भानगड असते: जमिनीखाली नळयोजनेचे पाइप. गळका पाइप एका बाजूची माती बारमाही ओली ठेवतो, दुसरी बाजू सुकते आणि पाया तिरका होतो. खोदण्याआधी पाणीपुरवठ्याच्या माणसाला बोलवा. त्याच्याकडे नकाशा नसला तरी पाइप कुठून जातो हे त्याला पाठ असतं.

पाराचा घोटाळा वरून दिसत नाही. बाहेरून दगडी कडा भक्कम वाटते, पण आत नुसती भरावाची माती आणि मुळं असतात. २ बाय २ बाय ५ फुटांचा काळ्या पाषाणाचा ठोकळा दीड टनाच्या वर भरतो. तो पारावर ठेवला की कडेचे दगड बाहेर फुगतात. म्हणून पारावर नाही, पाराशेजारी बसवावं, स्वतंत्र पायावर आणि मोठी मुळं टाळून. या निमित्तानं पार 'सुशोभित' करायचा मोह होतो आणि बुंध्यापर्यंत टाइल्स बसतात. असं करू नका. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी हवी. झाड गेलं तर थांबणारी माणसंही गेली.

झाडाखाली उंच धातूचं काहीही नको, वीज पडण्याचा धोका आहेच. उघड्यावर तर मेच्या दुपारी ४५ अंशांत लोखंडी पत्र्याला हात लावता येत नाही. पितळ-तांबं चोरीला जातं. दगड बरा: पश्चिमेकडे काळा पाषाण, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वालुकाश्म. वालुकाश्म मात्र तेल पितो. शिल्पाला कोणी तेल-शेंदूर लावील ही शंका फाजील नाही: मारुतीच्या पाराशेजारी उभा, गोलसर दगड ठेवला तर पहिल्याच शनिवारी त्याला शेंदूर लागतो आणि मग ते शिल्प राहत नाही. आडवी, बसकी, पोकळ्या असलेली घडण घ्यावी. खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पिचकाऱ्या गुडघ्यापर्यंत येतात, तेव्हा खालचे दोन फूट गुळगुळीत, गडद आणि धुता येतील असे ठेवा. चौकात पिचकाऱ्यांपेक्षा फ्लेक्सचा त्रास जास्त. शिल्पाच्या हाताला दोरी बांधून १० बाय ८ चा फ्लेक्स लावला, की अवकाळीच्या वाऱ्यात तो शिडासारखा ओढतो. सांधा तिथंच तुटतो. दोरी बांधता येईल असा अवयवच ठेवू नये.

परवानगीत अजून एक गल्लत होते, पुतळा आणि शिल्प यांची. व्यक्तीचा पुतळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि पोलिसांचं ना-हरकत हा सगळा रस्ता चालावा लागतो. 'आमचा पुतळा नाही, बैलजोडीचं शिल्प आहे' म्हणून चौकात सुटका होईल असं वाटतं, पण ती गृहीत धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम उपयोगाच्या जागांवर पुतळाच नव्हे, कोणतंही बांधकाम करायला परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलंय; दिवे, वाहतूक आणि रस्त्याचं सुशोभीकरण अशा कामांना तेवढी सूट आहे. त्यातून गावातला मुख्य रस्ता पुष्कळदा बांधकाम विभागाचा राज्यमार्ग असतो, म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव पुरतच नाही. पाराची मालकी मिळकत पत्रिकेवर किंवा नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मिळकतींच्या नोंदवहीत, पाहावी. ती देवस्थानाच्या नावे निघाली तर त्यांची लेखी संमती घ्यावी, तोंडी नको. केंद्र संरक्षित वास्तू जवळ असेल, जसा बाळापूरचा किल्ला किंवा चंद्रपूरचा परकोट, तर १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. जुना बाजार बहुधा याच पट्ट्यात येतो.

मग चौक कधीच नको का? बाजाराचं मैदान रस्त्यापासून वेगळं असेल, त्याच्या तोंडाशी ६०-७० फुटांची मोकळी जागा असेल आणि मालकी स्थानिक संस्थेची असेल, तर मोठं काम तिथंच शोभतं. पाराशी ते कोंदटेल.

जागा पक्की करण्याआधी एकदा बाजाराच्या दिवशी दुपारी दोननंतर तिथं जा. वर्षानुवर्षं त्या जागी मेथी-वांगी घेऊन बसणाऱ्या बाईकडे कागद नसेल, पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं तिलाही हक्क दिलेला आहे. चौथऱ्याची पूर्वेकडची बाजू मोकळी सोडा, पायरीही नको. दुपारनंतर सावली तिकडेच पडते आणि तिची टोपली तिथंच लागते.