डबक्यातून रिलीफ आणि ‘प्रिफर्ड लाइज’: पेनल्टी दोन्हींत नाही, पण नियम दोन आहेत

गोल्फ खेळताना फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या, गवत बारीक कापलेल्या पट्ट्यावर) बॉलला चिखल चिकटला आहे, आजूबाजूला मात्र पाणी साचलेलं नाही. बॉल उचलून पुसायचा का? कोर्सच्या किंवा स्पर्धेच्या कमिटीने त्या दिवशी ‘प्रिफर्ड लाइज’ (बॉल उचलून, पुसून चांगल्या जागी ठेवायची मुभा) जाहीर केलं असेल तर खुशाल पुसा, नसेल तर चिखलासकट खेळा. आता समजा, तोच बॉल स्वच्छ आहे, पण शॉटसाठी उभं राहिलं की एक पाय डबक्यात जातो. इथे कमिटीला विचारायचं कारणच नाही. नियमावलीतला १६.१ हा नियम कुठल्याही कोर्सवर, कुठल्याही दिवशी पेनल्टीशिवाय (म्हणजे दंडाचा स्ट्रोक न मोजता) बाजूला होऊ देतो; यालाच रिलीफ म्हणतात.

दोन्हींत बॉल हाताने उचलला जातो आणि दोन्ही सहसा पावसानंतरच आठवतात. घोळ होतो तो त्यामुळे.

१६.१ चा संबंध चार गोष्टींशी आहे: प्राण्याने केलेलं बीळ, ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जागा), हलवता न येणारा अडथळा (पक्का रस्ता, स्प्रिंकलरचं झाकण वगैरे) आणि तात्पुरतं साचलेलं पाणी. प्रत्येकाची व्याख्या काटेकोर आहे. स्टान्स (शॉटसाठीचा पवित्रा) घेण्याआधी किंवा घेतल्यावर पाणी जमिनीवर डोळ्यांना दिसायला हवं. पाय मुद्दाम जोरात दाबून वर आणलेलं पाणी चालत नाही. नुसता चिखल, पचपचीत माती, दव, फ्रॉस्ट यांतलं काहीही ‘साचलेलं पाणी’ ठरत नाही. पडलेल्या बर्फाची मात्र गंमत आहे. तो पाणी मानायचा की पानाफांद्यांसारखा सुटा अडथळा, हे खेळाडूनेच ठरवायचं.

ग्राउंड अंडर रिपेअरबद्दल तर गैरसमजच जास्त. खराब दिसणारी प्रत्येक जागा त्यात मोडत नाही. मुख्यतः कमिटीने आखलेली जागाच त्यात धरतात. शिवाय कर्मचाऱ्यांनी झाडाचा बुंधा किंवा हिरवळीचा तुकडा काढताना केलेला खड्डा, किंवा नंतर उचलून नेण्यासाठी रचलेला गवताचा ढीग, हे न आखताही त्यात येतात. एअरेशनची (मातीत हवा खेळावी म्हणून पाडलेली) भोकं येत नाहीत. उघडी पडलेली जमीन किंवा भेगा आखलेल्या नसतील, तर बॉल आहे तसाच खेळायचा.

रिलीफ मिळतो तोही हवा तसा नाही. बॉल, स्टान्स आणि स्विंग या तिन्हींची अडचण पूर्ण सुटेल असा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, तोही होलच्या जवळ न जाता. मग त्यापासून एका क्लबच्या लांबीच्या आत, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून खाली सोडायचा (२०१९ च्या आधी हा ड्रॉप खांद्याच्या उंचीवरून होत असे). इथे जवळचा म्हणजे खरोखर जवळचा, सोयीचा नव्हे. तो दाट रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) येऊ शकतो, झुडपामागेही येऊ शकतो. ड्रॉप केलेला बॉल ठरलेल्या हद्दीत थांबला की लाय (बॉल जमिनीवर कसा बसला आहे ती स्थिती) कशीही असो, खेळावंच लागतं. म्हणून आधी बिंदू बघावा, मग बॉलला हात लावावा. बॉल उचलल्यावर मन बदललं आणि तो मूळ जागी परत ठेवला, तर एका स्ट्रोकची पेनल्टी लागते.

आणखी एक: डबकं फक्त तुमच्या रेषेत असेल, बॉल आणि पाय कोरडे असतील, तर फेअरवेवर रिलीफ नाही. ही सवलत फक्त बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक गवतावर) असताना मिळते, मग पाणी ग्रीनवर असो वा बाहेर, आणि तिथे बॉल ड्रॉप न करता ठेवायचा असतो. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) फुकट रिलीफ बंकरच्या आतच मिळतो. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक मोजावा लागतो. पेनल्टी एरियात (तळं, ओढा अशा भागात) १६.१ चा रिलीफ मुळीच नाही.

प्रिफर्ड लाइजचं सगळं वेगळं. तो स्थानिक नियम आहे, म्हणजे कमिटीने लागू केला तरच अस्तित्वात येतो. त्याला पाणी लागत नाही, खड्डा लागत नाही, अडचण दाखवावी लागत नाही. बॉल फेअरवेच्या उंचीइतकं किंवा त्याहून कमी कापलेल्या भागात असला की पुरे. रफमध्ये तो लागू नाही. बॉल उचलायचा, पुसायचा आणि कमिटीने सांगितलेल्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, हव्या त्या जागी हाताने ठेवायचा. अंतर सहा इंच असेल, स्कोअरकार्डच्या लांबीचं असेल किंवा एका क्लबचं. ठेवायची संधी एकदाच. ठेवला की बॉल खेळात आला, मग पुन्हा ‘अजून जरा इकडे’ करता येत नाही.

माझ्या मते हा नियम इतका सुखाचा आहे की कोर्स वाळल्यावरही तो रेंगाळतो, आणि गरज संपताच तो मागे घेणं हे कमिटीचंच काम आहे. मेजर स्पर्धांत (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत) तो जवळपास दिसतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टसरॉल कोर्सवर पीजीए चॅम्पियनशिप या मेजरच्या शेवटच्या दिवशी तो लावला गेला, तेव्हा मेजरमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. २०२५ ला क्वेल हॉलो कोर्सवर त्याच स्पर्धेत, आधी भरपूर पाऊस होऊनही, पहिल्या फेरीत तो लावला नाही. चिखल लागलेल्या बॉलवरून स्कॉटी शेफलर आणि झँडर शॉफेली या दोन्ही खेळाडूंनी नाराजी बोलून दाखवली. आठवडाअखेर ती स्पर्धा शेफलरनेच जिंकली.

दोन्ही नियम एकापाठोपाठ वापरता येतात. डबक्यातून रिलीफ घेऊन ड्रॉप केलेला बॉल फेअरवेवर थांबला आणि प्रिफर्ड लाइज लागू असेल, तर तो पुन्हा उचलून ठेवता येतो. उलट प्रिफर्ड लाइज नसताना तसं केलं आणि त्या चुकीच्या जागेवरून खेळलं, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन स्ट्रोकची पेनल्टी लागते आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचं असतं तिथे) ते होलच जातं.

आणि बॉल आपल्याच आघाताने पडलेल्या खड्ड्यात रुतला असेल, त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर या दोन्हींऐवजी १६.३ बघायचा. २०१९ पासून तो रफमध्येही चालतो, वाळूत रुतलेल्या बॉलला मात्र सहसा नाही. त्याचा बिंदू बॉलच्या लगेच मागे असतो, तिथून एका क्लबच्या लांबीत ड्रॉप, आणि उचललेला बॉल पुसायलाही हरकत नाही.