संगणकाचे निदान आणि डॉक्टरांचा हात

गुंतागुंतीच्या निर्णयात संगणक माणसाची बरोबरी करू शकेल का, हा वाद संगणक रुग्णालयात शिरण्यापूर्वीच सुरू झाला होता. मिनेसोटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये सुमारे २० अभ्यास एकत्र तपासले. पॅरोलवर सुटलेला कैदी पुन्हा गुन्हा करील का, विद्यार्थी अभ्यासक्रमात टिकेल का, असे अंदाज त्यांत एकीकडे जाणकारांनी आणि दुसरीकडे साध्या आकडेमोडीने बांधले होते. आकडेमोड जवळजवळ प्रत्येक वेळी जाणकारांच्या तोडीची किंवा सरस ठरली. मात्र अपवादही मील यांनीच सांगून ठेवला. एखादा माणूस दर आठवड्याला ठरल्या दिवशी सिनेमाला जात असेल, तर सूत्र म्हणेल की तो आजही जाणार. पण त्याचा पाय नुकताच मोडला आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो सूत्र बाजूला ठेवील. हा मोडलेला पाय पुढच्या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा आडवा येतो.

या वादाची खरी कसोटी इंग्लंडमधील लीड्स येथे लागली. शल्यचिकित्सक टिम डी डोम्बल यांनी अचानक पोट दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांची माहिती संगणकाला पुरवली. दुखणे कुठून सुरू झाले, आता कुठे आहे, उलटी झाली का, पोट दाबून हात उचलताच कळ येते का, अशी उत्तरे ठरावीक तक्त्यावर भरली जात आणि संभाव्यतेच्या गणिताने संगणक अपेंडिक्स, पित्ताशयाचा दाह किंवा आतड्याचा अडथळा यांपैकी काय असावे ते सांगे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाची निदाने ९१.८ टक्के, तर सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांची ७९.६ टक्के अचूक ठरली.

हे आकडे आजही यंत्राच्या विजयाचा पुरावा म्हणून दिले जातात, पण मला त्याच प्रकल्पातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. प्रयोग सुरू असताना डॉक्टरांची स्वतःची अचूकताही वाढली होती आणि तो संपताच ती पुन्हा घसरली. प्रत्येक प्रश्न न चुकता विचारण्याची आणि आपले निदान बरोबर आले की चुकले हे लगेच कळण्याची जी शिस्त तक्त्याने लावली होती, ती तक्त्याबरोबरच गेली. शिवाय कळ येते का, हे पोटावर हात ठेवणाऱ्या माणसालाच कळत होते; संगणकाचे गणित त्या हाताच्या प्रामाणिकपणावर उभे होते.

मोडलेला पाय १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांबाबत दिसला. कोणाच्या जिवाला धोका अधिक, हे ओळखण्याच्या प्रकल्पात कृत्रिम चेतापेशींचे जाळे, म्हणजे जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून स्वतःच शिकणारी संगणकप्रणाली, सर्वांत अचूक ठरले होते. परंतु त्याच नोंदींवर शिकलेल्या, नियम उघड मांडणाऱ्या दुसऱ्या प्रणालीने असा नियम काढला, की दमा असलेल्या रुग्णाला धोका कमी असतो. नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकऱ्यांना न्यूमोनिया होताच थेट अतिदक्षता विभागात नेले जाई, म्हणून त्यांच्यातील मृत्यू कमी होते. यंत्राच्या सल्ल्याने त्यांना घरी पाठवले असते, तर तेच आधी दगावले असते. जाळ्याने आत काय शिकून ठेवले आहे हे वाचता येत नसल्यामुळे संशोधकांनी ते बाजूला ठेवले आणि रुग्णांसाठी थोडी कमी अचूक, पण डॉक्टरांना ओळीने तपासता येईल अशी पद्धत पसंत केली.