'शब्द फक्त ७ टक्के' हा हिशेब मुलाखतीचा नाहीच

लातूर असो की नांदेड, मुलाखतीच्या तयारीत हे आकडे ऐकवले जातातच: समोरच्यावर पडणाऱ्या छापेत शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. मग वाळूजच्या कारखान्यात समोर एकटे साहेब असताना पोरगं हात कुठं ठेवावेत याच्याच घोरात.

आकडे खरे, पण भलत्याच गोष्टीचे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून ते आले. तिथं ना नोकरी होती, ना मुलाखत. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही? भावना, आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच नंतर स्पष्ट केलं.

ते सगळ्याच बोलण्याला लागू असतं तर तेलुगू बातम्या आवाज बंद करूनही निम्म्याअधिक कळल्या असत्या! (देगलूरकडच्यांचं सोडा, त्यांना तेलुगू येतं.)

नजर मिळवून बोला, जरूर. पण साहेबांनी "मोटार अचानक बंद पडली, आधी काय बघशील?" असं विचारल्यावर ताठ बसून भागत नाही. "आधी सप्लाय बंद करीन, मग फ्यूज बघीन," हे तोंडानंच सांगावं लागतं.