कुंडी हलवली की उडणारी चिलटं

जून सरता सरता आमच्या रोपवाटिकेत रोज कुणीतरी विचारतं, "मनीप्लांटला पाणी घालताना बारीक काळी चिलटं उडतात, काय मारू?" आधी फवाऱ्याचा डबा खाली ठेवा. दुखणं हवेत नाही, मातीत आहे.

ही चिलटं जेमतेम २ ते ४ मिलिमीटरची. चावत नाहीत, जगतात आठवडाभर. पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभरावर अंडी घालू शकते. काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या वरच्या दोन इंचांत राहून बुरशी, कुजका पाला आणि कोवळी मुळं खातात. खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उचलून बघा. (पानाखालून पांढरं काही उडत असेल तर ती पांढरी माशी. तिचा उपाय वेगळा. पान घेऊन दुकानात या.)

पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते, तिथे कुंडी काय सुकणार! बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. बशीत साचलेलं ओतून टाका. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण सध्या कुंडीत नको. वाढायचं झाडाला आणि जेवायचं अळ्यांनी, असं होतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर वरून सुकलेलं दिसतं, आत ओलंच असतं. आमची रोपंही त्यातच वाढतात, तेव्हा आमच्याकडून नेलेलं रोपसुद्धा पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा.

वरची इंचभर माती काढून तिथे नदीची जाड वाळू धुऊन पसरा. समुद्राची नको, खारेपणानं मुळं जळतात.

पिवळे चिकट सापळे मातीलगत लावा. त्यांत उडणारी चिलटं सापडतात, अळ्या नाहीत. बागायतदार मंडळी आंब्याचा रक्षक सापळा घरात टांगतात, पण तो फळमाशीच्या नरांसाठी आहे, चिलटं त्याकडे फिरकत नाहीत.

अळ्यांसाठी बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्या मारायला वापरतात तोच जीवाणू. सुरवंटांवरचं बीटी वेगळं, ते इथे चालत नाही. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून आठवड्यातून एकदा मातीत घाला, असं चार आठवडे. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून मध्येच थांबू नका. दुसऱ्या आठवड्यात थांबलेलं गिऱ्हाईक गणपतीच्या सुमारास तीच तक्रार घेऊन येतं.

सापळे आणि बीटीआय दुकानात मिळतील. दोन-चार कुंड्यांपुरती वाळू हवी असेल तर पिशवी घेऊन या, तिचे पैसे घेत नाही.